चालता ट्रॅक्टर काढून नवा घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: औसा तालुक्यात चौदा एकर शेती. दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि त्यावर हरभरा. २००४ साली घेतलेला ३९ एचपीचा ट्रॅक्टर घरी आहे, पेरणीत त्यानं आजवर दगा दिलेला नाही. वर्षाला वीस-पंचवीस हजार दुरुस्तीला जातात. मुलगा म्हणतो, हा काढा आणि ५० एचपीचा फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारा) घ्या. शोरूमवाला जुन्याचे दोन लाख धरायला तयार आहे. काय करावं?

दादा, तुम्ही ट्रॅक्टरचं वय लिहिलं, खर्च लिहिला, शोरूमचा भाव लिहिला, पण त्याच्या मागं काय जोडता ते लिहिलं नाही. ठेवायचा की काढायचा, हे निम्मं तिथंच ठरतं. गॅरेजला येणारे बहुतेक जण बॉनेटकडं बघून निर्णय घेतात. तुम्ही अवजाराकडं बघा.

इंजिनचे ३९ एचपी म्हणजे पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) साधारण ३३-३४ उरतात. एवढ्या ताकदीवर पाच फुटी रोटाव्हेटर, नऊ फणांचा कल्टिव्हेटर, पेरणीयंत्र, सोयाबीनचं मळणीयंत्र आणि एक भरलेली ट्रॉली ही कामं आरामात होतात. चौदा एकरांत वर्षभरात लागतं ते बहुतेक यातच आलं. अडतं ते पलटी नांगराला. दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी आणि खाली एप्रिलमधली तडे गेलेली काळी भारी जमीन असली, की ३९ एचपीची गाडी दुसऱ्या गिअरला रडते, मागची चाकं जागेवर फिरतात आणि क्लच प्लेट जळल्याचा वास यायला लागतो. अशा कामाला ती जुंपत असाल तर मुलाचं म्हणणं बरोबर आहे. जुंपत नसाल तर नांगरट भाड्यानं करून घ्या.

आता पैशाचं बोलू. खालचे आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या भागातले दर घालून परत मांडा. नवा फोर बाय फोर नऊ लाखांना पडतो असं समजा. जुन्याचे दोन लाख वजा केले, राहिले सात लाख कर्ज. व्याज बारा टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता सहामाही. असा प्रत्येक हप्ता ९५ हजारांचा होतो, म्हणजे वर्षाला एक लाख नव्वद हजार. पाच वर्षांत व्याजापोटीच अडीच लाख जातात. दुसऱ्या बाजूला तुमचा वर्षाचा पंचवीस हजार खर्च आणि चौदा एकरांची नांगरट एकरी दोन हजारांनी भाड्यानं, म्हणजे २८ हजार. दोन्ही मिळून ५३ हजार. फरक वर्षाला एक लाख सदतीस हजारांचा.

"बाहेरची कामं करून हप्ता फेडू" असं मुलगा म्हणेल, सगळेच म्हणतात. डिझेल, ड्रायव्हर आणि झीज जाऊन एकरी सातशे रुपये हातात राहतात असं धरलं, तरी नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला पावणेतीनशे एकरांचं भाडं मारावं लागतं. तुमच्या गावात आज किती ट्रॅक्टर उभे आहेत ते मोजा. पाऊस बरा झाला की सगळ्यांना एकदमच काम असतं आणि पाऊस गेला की कुणालाच नसतं. मराठवाड्यात हे लक्षात ठेवूनच सही करावी, कारण हप्त्याला दुष्काळ कळत नाही. मुलगा खरोखर धंदा म्हणून उतरणार असेल, सकाळी सहाला गाडी काढून रात्री दहाला परतायची त्याची तयारी असेल आणि गिऱ्हाईक आधीच बोलून ठेवलं असेल, तर हिशोब बदलतो. मग नवाच घ्या, आणि तो त्याच्या जबाबदारीवर चालू द्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, म्हणून शोरूममध्ये गर्दी झाली. आठ-साडेआठ लाखांच्या मूळ किमतीवर त्यानं ५५-६० हजार वाचतात, हे खरं. पण त्याच वेळी ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि सुटे भागही १८ वरून ५ टक्क्यांवर आले, ते कुणी सांगत नाही. म्हणजे जुना सांभाळणंही स्वस्त झालं. आणि नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव आपोआप खाली येतो, तेव्हा तुमच्या दोन लाखांत शोरूमवाल्यानं उपकार किती केले आणि नव्याच्या किमतीत किती फिरवले, ते तपासा. सोपा मार्ग असा: आधी जुन्याचा विषयच काढू नका. नव्याचा रोख भाव लेखी घ्या. मग दुसऱ्या दिवशी जाऊन जुना दाखवा.

आता तुमचा जुना. त्यानं दगा दिला नाही, ही त्याची कालपर्यंतची गोष्ट झाली. पुढची पाच वर्षं तो देईल का, हे बघायला मिस्त्रीसुद्धा लागत नाही, एक सकाळ पुरते.

रात्रभर उभी असलेली गाडी चालू करायच्या आधी इंजिनच्या चेंबरचा (खाली ऑइल साठतं त्या भागाचा) ड्रेन प्लग दोन आटे सैल करा, काढू नका. खाली वाटी धरा. ऑइलच्या आधी दोन थेंब पाणी आलं, तर हेड गॅस्केट किंवा लायनरचं रबर गेलेलं आहे. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रीतून तळाला बसतं, म्हणून हे थंड इंजिनवरच कळतं. गाडी फिरवून आणल्यावर बघाल तर ऑइल फक्त चहासारखं दिसेल, आणि तोवर बेअरिंगला पाणी लागलेलं असेल.

मग गाडी चालू करा, अर्धा तास कामाला लावून गरम करा. अर्ध्या रेसवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तसंच उलटं भोकावर ठेवा. जागेवर थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भकभक धूर यायला लागला, तर रिंगा झिजल्या आहेत, जळालेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतोय. त्याच वेळी सायलेन्सर बघा. लोड आल्यावर थोडा काळा धूर येणारच. निळा धूर सतत येत असेल तर गाडी ऑइल खाते. एका दिवसाच्या कामात ऑइल मोजायच्या काडीवरची खालची खूण दिसायला लागली असेल, तर निळ्या धुराची वाटही बघू नका.

तिसरी गोष्ट लिफ्टची. रोटाव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासून अंतर मोजा आणि चहा पिऊन या. अर्ध्या तासात दोन-चार बोटं उतरला तर या वयात चालतं. जमिनीला टेकला तर सिलिंडरचं सील, ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह बघावा लागेल. लोक यालाच घाबरून गाडी विकतात, खरं तर हे मोठं काम नाही.

पुढचा एक्सल जॅकवर घ्या आणि चाक वर-खाली हलवा. किंगपिन आणि बुश गेले असतील तर चाक खडखडेल. हेही किरकोळ.

किरकोळ नाही ते सांगतो. गिअरबॉक्सच्या किंवा हायड्रॉलिकच्या हौसिंगला तडा गेलेला असेल, वेल्डिंगची जुनी खूण असेल, तर ती गाडी ओढायच्या कामाची राहिली नाही. उतारावर ट्रॉली असताना गिअर सुटत असेल तर तीही. आणि क्रँक किती वेळा घासली आहे ते विचारा. घासलेल्या क्रँकला बेअरिंगं १०, २०, ३० (हजारांश इंच) अशा मापांत मिळतात. तिसऱ्यांदा घासलेली क्रँक असेल तर पुढच्या वेळी घासायला जागा नाही, नवीच टाकावी लागते. तुमच्या गाडीचं इंजिन काम एकदाच झालेलं असेल तर अजून तिच्यात पुष्कळ जीव आहे.

तपासणीत चेंबरमधलं पाणी किंवा झिजलेल्या रिंगा निघाल्या, म्हणजे लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक घासणं, व्हॉल्व्ह बसवणं, पंप बेंचवर लावून नॉझल तपासणं असं पूर्ण काम करावं लागलं, तरी तीन सिलिंडरच्या गाडीला साठ ते ऐंशी हजारांत भागतं. एका सहामाही हप्त्यापेक्षा कमी. मात्र हे काम गुढीपाडव्याच्या आसपास करा. मे महिन्याच्या शेवटी इंजिन खोललं आणि लेथवाल्याकडं क्रँक अडकली, तर मृगाचा पाऊस तुमच्यासाठी थांबत नाही.

विश्वासाचा खरा प्रश्न इथंच आहे. वर्षातले तीनशे दिवस ट्रॅक्टर बंद पडला तर नुसता वैताग होतो. पण जूनमध्ये वापसा (पेरणीजोगी ओल) आला की भारी जमिनीत पेरणीला चार-पाच दिवस मिळतात. त्या चार दिवसांत गाडी उभी राहिली तर पुढं ओल उडते, नाही तर परत पाऊस लागून रान चिबडतं. त्यामुळं मी कुठल्याही ट्रॅक्टरला एवढंच विचारतो: वापशात बिघडला तर तासाभरात चालू होईल का? तुमच्या जुन्याचा फीड पंप, फिल्टर, फॅन बेल्ट, नॉझल पाईप औशाच्याच दुकानात मिळतो आणि गावातला पोरगा बसवतो. डिझेलमध्ये हवा धरली तर तुम्ही स्वतः बांधावर एअर काढता. नव्याला वॉरंटी असते, ती चांगली गोष्ट आहे, पण त्या आठवड्यात अख्ख्या तालुक्याच्या तक्रारी एकाच सर्व्हिसवाल्याकडं असतात.

आणि ५० एचपीच्या वर गेलात की मशीनच वेगळी होते. १ जानेवारी २०२३ पासून त्या वर्गाला ट्रेम-४ हे धुराचं मानक लागू झालं. या गाड्यांत कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल फवारणी), सेन्सर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आला. धूर कमी, ताकद एकसारखी, चालवायला मऊ, हे सगळं खरं आहे. पण कॅनमधून आणलेलं, दोन महिने टिपात ठेवलेलं डिझेल तिला चालत नाही. थोडं पाणी गेलं तरी इंजेक्टर मरतो, आणि तो गावात दुरुस्त होत नाही. दिवा लागला की लॅपटॉप घेऊन माणूस यावा लागतो. शिवाय आपल्याकडं ट्रॅक्टर गोठ्याशेजारी कडब्याजवळ उभा असतो, तिथं उंदरांना वायरिंगची मेजवानी. ५० च्या आतल्या गाड्यांना तेव्हा जुनंच मानक राहिलं, म्हणून तर बाजारात एवढी ४९ एचपीची मॉडेलं आली. घ्यायचाच झाला तर तुमच्या शेताला ४५ ते ४९ मधला, साध्या मेकॅनिकल पंपाचा बघा. शोरूममध्ये पंप कोणता आहे हे विचारा, आणि बॉनेट उघडून स्वतः बघा.

फोर बाय फोरची गरज मला तुमच्या लिहिण्यात दिसली नाही. ओल्या काळ्या रानात तो कमी घसरतो यात वाद नाही. पण पुढचा डिफरन्शियल, त्याचे सील आणि मोठे पुढचे टायर हा कायमचा वाढीव खर्च आहे. घसरण्यावर स्वस्त उपाय आधी करून बघा. मागच्या १३.६-२८ टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं तर चाकामागं अंदाजे पावणेदोनशे किलो वजन वाढतं, आणि फरक पहिल्याच तासात कळतो. टायरच्या गुट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र पाणी भरून उपयोग नाही, जोडी बदला.

मुलाच्या बाजूनंही बोलायला हवं. जुन्या गाडीवर दिवसभर बसला की पाठ आणि खांदे धरतात, स्टेअरिंग ओढून हात भरून येतात. त्याला तो ट्रॅक्टर नको वाटतो यात त्याचा आळस नाही. पॉवर स्टेअरिंग जुन्या गाडीला बसवून मिळतं, चांगली सीट मिळते, दोन्हींचा खर्च हप्त्याच्या मानानं काहीच नाही. आधी ते करा, मग त्याला विचारा. हौस म्हणून नवा घ्यायचा असेल तर हौस म्हणून घ्या, त्यात लाज नाही. पण "जुना खर्च काढतोय" असं कारण सांगू नका, कारण वीस-पंचवीस हजारांनी हप्ता भरत नाही. आणि एक सांगून ठेवतो: ताकद वाढवायची म्हणून पोरं पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतात. चार दिवस गाडी उड्या मारते, काळा धूर फेकते, मग पिस्टनचं डोकं जळून येतं. हे त्याला समजावून सांगा.

एका बाबतीत मात्र मी मुलाच्याच बाजूचा आहे. कारखान्याला ऊस न्यायला दोन ट्रॉल्या ओढणार असाल, तर त्या कामाला तुमची गाडी लावू नका. तुमच्या वर्षातल्या बहुतेक गाड्यांना ड्राय डिस्क ब्रेक आहेत. चिखल-पाणी गेलं, प्लेटा तेलकट झाल्या की ते पकडत नाहीत, आणि मागं दहा-बारा टन ऊस असताना उतारावर ते कळून उपयोग नसतो. ऑइल ब्रेक, जास्त वजनाची गाडी आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक, एवढं असल्याशिवाय डबल ट्रॉली नाही. स्वतःचा दोन एकर ऊस तोडणी-वाहतूकवाल्यानं नेला तर तुमचं काही अडत नाही. एका ट्रॉलीवर रस्त्यानं जातानाही दोन्ही ब्रेक पेडलची कडी लावलेली आहे ना, हे रोज बघा. शेतात वळायला ती काढतात आणि तशीच रस्त्यावर येतात.

जुना ठेवलात तर सांभाळायचं मुख्यतः एकच: धूळ. सोयाबीनच्या खळ्यावर गाडी मळणीयंत्राला दिवसभर जागेवर उभी असते आणि सगळा भुसा, माती तीच ओढते. ऑइल बाथ एअर क्लीनरची खालची वाटी त्या दिवसांत रोज संध्याकाळी काढा. तळाला गाळाचा थर दिसला की ऑइल टाकून द्या, रॉकेलनं किंवा डिझेलनं वाटी धुवा, खुणेपर्यंत नवं भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं. ज्या गाड्या दर चार-पाच वर्षांनी इंजिन कामाला येतात, त्यातल्या पुष्कळ याच वाटीमुळं येतात. इंजिन ऑइल २५० तासांनी बदलायचं. तासाचा मीटर बंद असेल तर खरिपाच्या आधी आणि रब्बीच्या आधी, असं दोनदा बदललं तरी तुमच्या चौदा एकरांना पुरे.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न कंपनीनुसार बदलतो. तुम्ही मेक लिहिला नाही. स्वराज, महिंद्रा, मॅसी यांच्या त्या काळातल्या मॉडेलांचे भाग आजही ढिगानं मिळतात. एचएमटी असेल तर थोडा विचार करावा लागेल. केंद्र सरकारनं २०१६ साली त्यांचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. भाग अजून मिळतात, पण गिअरबॉक्सच्या एखाद्या दात्यासाठी दोन-तीन जिल्हे फोन करावे लागतात, आणि वापशात तेवढा वेळ नसतो. तसं असेल तर आत्ता चालत्या स्थितीत विकणं शहाणपणाचं.

कागदांचं शेवटी, पण सगळ्यात आधी तेच करा. २००४ ची नोंदणी म्हणजे १५ वर्षं २०१९ लाच संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून आरसी (नोंदणीचा दाखला) वाढवून घ्यावी लागते. ती वाढवलेली आहे का बघा. खाजगी गाडी नुसतं वय झालं म्हणून भंगारात काढावी लागत नाही, त्या अफवेवर विकू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यानं एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेटही लागेल. आरसी जिवंत ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे: सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर रोटाव्हेटर, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणीयंत्र अशा अवजारांच्या अनुदानाला अर्ज करताना घरातल्या ट्रॅक्टरची आरसी लागते. नव्या ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. आधी घेतलेल्याला अनुदान मिळत नाही.

विकायचं ठरलंच तर बँकेचं कर्ज कधीच फिटलं असलं तरी आरसीवर बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो उतरवा. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय ताबा देऊ नका, तो ओळखीचा असला तरी. शोरूमला देणार असाल तरी तेच, कारण तिथून ती कुणाकडं जाते ते तुम्हाला कळत नाही, आणि अपघात झाला तर नोटीस औशाला तुमच्या पत्त्यावर येते.